बसायचं की उभं राहायचं

डॉक्टरांनी टेबलाचा खण उघडला आणि तो सांधा माझ्या तळहातावर ठेवला. मोठ्या लिंबाएवढा गुळगुळीत पोलादी गोळा, त्याला खाली चपटा, किंचित वाकडा दांडा. हाताला थंडगार लागला आणि दिसत होता त्यापेक्षा बराच जड निघाला. याच्याचसाठी मी आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीने मालवणहून निघाले होते.

"हेच हवंय ना तुला?" डॉक्टर म्हणाले.

मी मान हलवली.

"मिळणार नाही," असं म्हणून त्यांनी गोळा माझ्या हातातून घेतला आणि परत खणात ठेवून दिला.

एकोणीसशे साठच्या अलीकडे-पलीकडे घडलेली ही गोष्ट. मी तारकर्लीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. तिशीच्या अलीकडची, बिनलग्नाची आणि एका पायाने अधू. लहानपणी खुब्याच्या हाडाला क्षय झाला होता. वर्षभराच्या प्लॅस्टरने आजार गेला, पण जाताना सांध्याची पुरती वाट लावून गेला. पाय खुब्यात वाकलेलाच राहिला. पाऊल टाकलं की आत जात्यात खडा अडकल्यासारखं व्हायचं. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीवर, अशी मी वर्गात फळ्यापर्यंत जायची. मुलं गुणी होती. मला वळायला किती वेळ लागतो हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं आणि तेवढ्या वेळात ती आपला दंगा आटपून घेत असत.

आई गेल्यापासून घरात मी एकटी. भाऊ मुंबईला गोदीत नोकरीला, वहिनी आणि मुलं तिकडेच. मे महिन्यात सगळी यायची, फणस-आंबे खायची आणि जाताना आता वर्षभर नीट राहा असं मला बजावून जायची. नीट राहण्याशिवाय मी दुसरं काय करणार होते, कोण जाणे. संध्याकाळी दिवा लावला की घरात बोलायला कोणी नसे. मी मुलांच्या कविता मोठ्याने म्हणत असे, ते शाळेची तयारी म्हणून नव्हे.

हेडमास्तरांकडे एक दिवस उशिरा येणारं वर्तमानपत्र होतं. त्यात एकदा विलायतेत धातूचा सांधा बसवून माणसं चालायला लागल्याचं छापून आलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. घाटावरच्या मोठ्या हॉस्पिटलात हाडांचे एक नावाजलेले सर्जन आहेत असं कळलं, आणि मी रजा टाकून निघाले. आंबोलीला गाडी चहासाठी थांबली तेव्हा सगळे उतरले. मी खिडकीशी बसून राहिले, कारण उतरले असते तर चढताना कंडक्टरचा हात धरावा लागला असता. धुक्यात उभं राहून लोक बशीतून चहा पीत होते आणि मी मनातल्या मनात परतीच्या प्रवासात तिथे उतरत होते.

आणि इथे डॉक्टर म्हणत होते, मिळणार नाही.

माणूस उंच होता, शब्दाला महाग आणि लाडीगोडी अजिबात न येणारा. पण नाही म्हटल्यावर कारण सांगायचं असतं, एवढं तो पाळत होता. "हा गोळा मी म्हातार्‍यांना बसवतो," ते म्हणाले. "पडून खुबा मोडलेल्यांना. त्यांचं चालणं बेताचं असतं, त्यांना तो जन्माला पुरतो. तुझं सगळं आयुष्य जायचंय. तू शाळेत जाशील, बाजारात जाशील, तो आत सैल होत जाईल. मग काढावा लागेल, आणि काढताना बरोबर हाडही जाईल. तेव्हा कुठला डॉक्टर तुझ्यासाठी काय करणार? आणि तुझ्या सांध्यात जुना क्षय. तिथे धातू ठेवायला माझा हात धजत नाही. पुढेमागे चांगले सांधे निघतील. पण मी आज काय करू शकतो ते मी सांगतो."

मला रडू येत होतं. ते येऊ नये म्हणून मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिले.

त्यांनी एका हाताची मूठ केली आणि दुसर्‍या हाताच्या पंजात बसवली. "हा तुझा सांधा. दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे हे कायमचं जोडून टाकायचं." त्यांनी मूठ पंजात घट्ट आवळली. "हाडाला हाड मिळून येईल. दुखणं संपलं. पाय सरळ आणि भक्कम, काठी लागणार नाही. वाटेल तेवढं चाल, दिवसभर उभी राहा. पण खुब्यात वाकणं बंद. जमिनीवर बसणं या जन्मात नाही. खुर्चीवरसुद्धा कडेला टेकल्यासारखं." मग त्यांनी मूठ काढून घेतली आणि पंजा रिकामा ठेवला. "दुसरं, खराब झालेलं हाडाचं डोकं काढूनच टाकायचं. सांधा मोकळा. मांडी घालून बस, उकिडवी बस, विळीवर बस. पण पाय आखूड होईल, काठी कायमची, आणि जास्त वेळ उभं राहणं जमणार नाही."

"यातलं बरं कुठलं?" मी विचारलं.

"विलायती पुस्तकात हा प्रश्नच नाही. तिकडे सगळे खुर्चीवर. तो आपल्याकडचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुला बसायचंय की उभं राहायचंय, ते तू सांगायचं."

मी लाजत लाजत परसाकडचं विचारलं. पाय जोडला तर सुताराकडून मधे भोक पाडलेली खुर्ची करून घ्यायची, असं त्यांनी हवापाणी सांगावं तितक्या सहज सांगितलं. मग म्हणाले, "आत्ता उत्तर देऊ नकोस. सुट्टी लागतेय ना? घरी जा. महिनाभर नुसतं बघ. तुझ्या आजूबाजूला कोण कोण खाली बसतं आणि त्यांच्यात जाऊन बसावंसं तुला वाटतं का, ते बघ. सल्ले पुष्कळ मिळतील. ऐकून घे. पण बघायचं ते तू."

असा सल्ला कुठल्या डॉक्टरने दिल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. परतीच्या गाडीत मला त्यांचा राग आला होता. माणूस एवढ्या लांब जातो तो कुणीतरी आपल्या वतीने ठरवावं म्हणून, आणि यांनी मला गृहपाठ देऊन परत पाठवलं होतं.

सल्ले मिळालेच. भाऊ म्हणाला, "उबी रवाक गावला तर नोकरी तरी रवतली गो." त्याचं बरोबर होतं. वहिनी म्हणाली, "बायल माणसाक बसाक गावला नाय तर चुलीफुडचा कोण करतला? उद्या एकादा स्थळ इला म्हणजे?" स्थळ येणार कुठून, हे मी तिला विचारलं नाही. त्यांची सुट्टी थोडी होती. दोघंही मनापासून बोलत होती आणि दोघांनाही परतीच्या बोटीची घाई होती. ती गेली आणि मी बघायला लागले.

बघायला लागल्यावर कळलं की आमच्या गावचं सगळं आयुष्य जमिनीवर बसलेलं आहे. देवळात भजन बसलेलं, झाडाखाली जाळी विणणारे बसलेले, जेवायला पंगत बसलेली. बायकांचं तर सगळंच खाली. चूल, विळी, पाटा, सूप. दोन बायका एकमेकींशी मनातलं बोलायला लागल्या की त्या आधी टेकतात. उभ्याने होते ती नुसती विचारपूस.

शेजारच्या घरी रतांबे फोडायचं काम चालू होतं. कोकमाची ती लाल फळं फोडायची, गर एकीकडे, सालं एकीकडे. शेजारीण, तिच्या दोन सुना, आणखी वाडीतल्या दोघीतिघी खळ्यात गोल बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल आणि हसणं रस्त्यापर्यंत. मी काठी टेकत गेले. मला बघितल्यावर सगळ्या हलल्या. "गो, तू कित्याक इलंस? तुका त्रास," असं म्हणत एका सुनेने घरातून स्टूल आणलं. ते भिंतीशी ठेवलं, सावलीत. मी स्टुलावर बसले. त्या खाली, मी वर. मी एक सूप मागितलं तर म्हणाल्या, राहू दे, कपडे डागाळतील. मग माझ्याशी शाळेबद्दल बोलल्या, पावसाबद्दल बोलल्या, अगदी आदराने. आधी ज्यावर हसत होत्या ते परत निघालं नाही. मला कुणी हाकललं नाही. माझी सोय केली, इतकंच. थोड्या वेळाने काम आहे असं सांगून मी उठले आणि घरी येऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. इतकं की दिवा लावल्यावर कवितासुद्धा म्हणवली नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाचं आठवून बघितलं. तिथेही स्टूल होतं. शाळेत खुर्ची होती, ती हेडमास्तरांनी खास माझ्यासाठी मागवलेली. गावात माझ्याएवढं उच्चासन दुसर्‍या कुणाला नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि एक होती ती मासेवाली. रापण, म्हणजे किनार्‍यावर ओढायचं मोठं जाळं, लागली की सकाळी किनार्‍यावरून ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघायची. पाटी म्हणजे रुंद, खोलगट टोपली, ओल्या मासळीने भरलेली, तिच्यातून पाणी गळत असायचं. माझं घर वाटेवर पहिलं. पण ती माझ्या गडग्यापाशी, त्या बुटक्या दगडी कुंपणाशी, कधी थांबली नाही. मान ताठ, नजर समोर, तशीच पुढे जायची आणि शेजारच्या दारात जाऊन हाक मारायची, "गो बायांनो, येवा." तिथे दोन सुना लगबगीने बाहेर येत. पाटी उतरे, ती पायरीवर बसे, मासळीबरोबर गावभरच्या बातम्या निघत. मग शेजारीण माझा वाटा गडग्यावरून माझ्याकडे देई. बातम्या काही गडग्यावरून येत नसत.

ती का थांबत नाही, हे मी पूर्वीच ठरवून टाकलं होतं. सकाळची पहिली विक्री, तिची भवानी. ती एका लंगड्या, बिनलग्नाच्या बाईच्या हातून कशी घेणार? अख्खा दिवस वाया जायचा. आमच्याकडे कुणाच्या हातची भवानी लाभते आणि कुणाची नाही, याचा विचार सगळ्याच मासेवाल्या करतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काय, असं मी मनाला सांगत असे. पण वाईट वाटतच असे. त्या महिन्यात मी रोज सकाळी पडवीत बसून तिला जाताना बघितलं, आणि तिने एकदाही मान वळवली नाही.

महिना संपल्यावर मी परत घाट चढले. डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून डबा खात होते. खोलीत खुर्च्या होत्या, तरी उभेच.

"काय ठरलं?"

"उभं," मी म्हटलं.

"महिनाभर बघितलंस?"

"बघितलं. बसायला माझ्याबरोबर कुणी नाही."

ते घास चावायचे थांबले. मला वाटलं, आता समजूत घालतील. पण त्यांनी डबा बंद केला, हात धुतले आणि म्हणाले, "मीही दिवसभर उभाच असतो. सवय होते." याला समजूत म्हणायचं असेल तर तेवढीच. मग त्यांनी नर्सला बोलावून माझी खाट सांगितली.

ऑपरेशननंतर छातीपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं. पावसाळा त्या प्लॅस्टरच्या आत गेला. खाटेच्या वर छतावर ओल आलेली होती, तिचा आकार रोज थोडा वाढायचा आणि मी तो बघायची. भाऊ एकदा येऊन गेला. बाकीच्या बायकांजवळ त्यांच्या सोबतिणी जमिनीवर पथारी टाकून बसलेल्या असत, खाटेच्या कठड्यावरून हात वर करून त्यांचे पाय चेपत असत. माझ्या खाटेखालची जागा मोकळी होती. तिथे इतरांच्या पिशव्या ठेवत. डॉक्टर रोज येत, प्लॅस्टरवर बोटांनी टकटक करत आणि पुढे जात. एकदाच थांबून म्हणाले, "पस्तावतेस का?" मी नाही म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

प्लॅस्टर काढलं, पाय उभा केला. पहिल्यांदा जमिनीवर वजन टाकलं तेव्हा मी दुखण्याची वाट बघत राहिले. दुखलं नाही. लहानपणापासून सोबत असलेलं ते दुखणं, ते नाही म्हटल्यावर मी क्षणभर कावरीबावरी झाले. मग काही आठवडे कुबड्या, मग काठी, मग तीही कोपर्‍यात. पाय थोडा आखूड होता, म्हणून एका चपलेला जाड टाच लावून घेतली. परत येताना आंबोलीला गाडी थांबली तेव्हा मी कुणाचा हात न धरता उतरले आणि बाकीच्यांसारखी उभ्याने चहा प्याले. चहा पाणचट होता. मी दुसरा मागितला.

घरी आले. घर तसंच होतं. सुताराने खुर्ची करून दिली, चुलीऐवजी भावाने मुंबईहून उभ्याने स्वयंपाक करायचा स्टोव्ह पाठवला. टेबलावर एकटीचं ताट मांडायचं आणि खुर्चीच्या कडेवर टेकून जेवायचं. शाळेत मुलांची पंचाईत झाली, कारण आता मी झटकन वळायची. बाकी काही बदललं नाही. संध्याकाळी दिवा लागे आणि मी कविता म्हणे, आता उभ्याने.

मार्गशीर्षातली एक सकाळ असेल. मी पडवीच्या दगडी कठड्याशी उभी राहून केस विंचरत होते. मासेवाली नेहमीसारखी वाटेने आली. मान ताठ, नजर समोर. गडग्यापाशी आली आणि थांबली. मग मान न वळवता ती सगळीच्या सगळी माझ्याकडे वळली, आधी पाय, मग अंग, आणि डोक्यावरच्या पाटीसकट तिचं तोंड माझ्या समोर आलं. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की भरल्या पाटीखाली मान वळवताच येत नाही.

"गो बाये, काठी खंय गेली?" तिने विचारलं.

"ठेवून दिलंय."

"दोनय पायांर उबी रवतंस?"

"रवतंय."

"हातात बळ आसा मां?"

"आसा."

"मगे हात लाय," असं म्हणून ती सरळ आत आली आणि कठड्यासमोर उभी राहिली. "पाटी उतर."

मी एक कड धरली, तिने दुसरी. गार पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. पाटी इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. पण पाय हलला नाही. खाली वाकावं लागलं नाही, कठडा होता. पाटी कठड्यावर टेकली तशी तिने डोक्यावरची चुंबळ काढली, मान दोन्ही बाजूंना फिरवली आणि 'आई गो' म्हणून पायरीवर बसली, इतकी सैलावून, की जणू माझ्या दारात ती रोजच बसते.

मी बांगड्याचा वाटा घेतला. घेताना राहवलं नाही. "इतकी वर्सां माज्या दारात कधी थांबलंस नाय तां? माज्या हातची भवानी नको म्हणान मां?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला मी काय म्हणते तेच कळेना. "भवानी कसली गो? पाटी उतरूक माका धरून दोन माणसां लागतत. चडवूक पण दोन. तुज्या घरात तू एकली, ती काठयेर. तू काठी धरतलंस काय माजी पाटी धरतलंस? थंय दोन सुनो आसत, म्हणान थंय जातंय."

एवढंच होतं. मी कठड्याला टेकले. ज्या गोष्टीने मी इतकी वर्षं रोज सकाळी मनातून कोमेजत होते, ती तिच्या मनातही नव्हती. डॉक्टरांना मी सांगितलं होतं की बसायला माझ्याबरोबर कुणी नाही, आणि ते सांगताना ह्या बाईलाही मी माझ्याजवळ न बसणार्‍यांत धरलं होतं. मला हसू आलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. कमरेची चंची काढून तंबाखू मळत ती बोलायला लागली. कुणाची होडी उलटता उलटता वाचली, देवबागला कुणाच्या सुनेला दिवस गेले, असं सगळं. मध्येच तिने पायरीवर सरकून जागा केली आणि शेजारी थोपटलं. "बस गो. उबी कित्याक?"

हा क्षण यायचाच होता. फक्त तो कुणामुळे येईल हे मला माहीत नव्हतं. थोपटलेल्या जागेकडे मी बघितलं. ओली होती, तिच्या लुगड्याने. मला तिथे बसावंसं वाटलं, आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं.

"माका बसाक येना नाय," मी म्हटलं. "पाय जोडून घेतलंय. आता जन्मभर नाय येवचा."

ती तंबाखू मळायची थांबली. माझ्या पायाकडे बघितलं, मग कठड्यावरच्या पाटीकडे.

"मगे बरा झाला," ती म्हणाली. "दोगांय बसलंव तर माजी पाटी कोण चडवतलो? तू उबीच रव."

मग तिने देवबागच्या सुनेची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे चालू केली. मी तिच्या डोक्याशी उभी राहून ऐकत होते. पाटी चढवायची वेळ झाली तोवर ऊन पडवीत आलं होतं.